पाय सुजलेत, धापही लागते? थंडी पडायच्या आत छाती तपासून घ्या

दिवाळी तोंडावर आली आहे. सोयाबीनची मळणी उरकत आली, आता उसाचं पाचट पेटेल, पहाटे न्हाणीपाशी बंब धुमसायला लागतील आणि गारठा वाढला की घराघरातला जुना खोकला पुन्हा डोकं वर काढेल. यानंतरच्या तीन महिन्यांत छातीच्या वॉर्डात दरवर्षी एका ठरावीक अवस्थेतली माणसं येतात. ओठ निळसर, पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले, पोट तट्ट फुगलेलं, आणि बोलताना चार शब्दांवर श्वास तुटतोय. सोबतचा मुलगा सांगतो, "दम तर आईला कैक वर्षांपासून लागतो डॉक्टर, पाय तेवढे आत्ता सुजलेत."

हे आवाहन त्या मुलासाठी आहे. त्याच्या बायकोसाठी, बहिणीसाठी, शेजाऱ्यांसाठी आणि गावातल्या आशाताईंसाठीही आहे. ज्या माणसाला वर्षानुवर्षं खोकला किंवा दम आहे, त्याचे पाय सुजू लागले तर ती नव्या, वेगळ्या आजाराची सुरुवात समजून दुसऱ्या दुकानातून दुसरी गोळी आणू नका. बहुतेकदा ती त्याच जुन्या आजाराची पुढची पायरी असते. फुप्फुसाचा आजार हृदयापर्यंत पोहोचलेला असतो, आणि तोही हृदयाच्या उजव्या बाजूला. डॉक्टर त्याला कॉर पल्मोनेल म्हणतात. छातीत कळ येत नाही, डावा हात दुखत नाही, दरदरून घाम फुटत नाही. हार्ट अटॅकबद्दल आपण ऐकून असतो त्यातलं काहीच घडत नाही, म्हणून घरात कोणाच्या मनातही येत नाही की हे हृदयाचं दुखणं आहे.

मनात काय येतं, तेही आम्हाला पाठ झालं आहे. रक्त कमी असेल. किडनीला सूज असेल. दिवसभर उभ्याने काम करते ना, पायांत पाणी उतरलं असेल. वय झालं. मग मेडिकलमधून लघवीची गोळी येते. दोन दिवसांत सूज ओसरते, सगळे निर्धास्त होतात आणि महिनाभराने पाय पुन्हा भरतात. यात रक्त कमी असल्याचा समज तर विशेष घातक. शरीराला प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडं अस्थिमज्जेला जास्त लाल पेशी बनवायचा निरोप धाडतात. त्यामुळे अशा काही रुग्णांचं हिमोग्लोबिन १७-१८ पर्यंत चढलेलं असतं. घरचे खूश असतात की रक्त भरपूर आहे. प्रत्यक्षात ते घट्ट झालेलं रक्त ढकलताना थकलेल्या हृदयाचा आणखी दम निघत असतो. वर कोणी टॉनिक सुरू केलेलं असलं, तर विचारायलाच नको. आपल्याकडे अनेक बायकांचं रक्त मुळातच कमी असतं, त्यामुळे त्यांच्यात ही वाढ दिसतही नाही. रिपोर्ट अगदी सर्वसाधारण येतो आणि फसवतो.

हे घडतं कसं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण एकदा समजलं की माणूस पुढची गोष्ट टाळत नाही.

हृदयाची डावी बाजू शुद्ध रक्त सगळ्या शरीराला पुरवते; तिची भिंत साधारण एक सेंटिमीटर जाड असते. उजव्या बाजूला शरीरातून परतलेलं रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत पाठवायचं असतं. काम हलकं, दाब कमी, म्हणून तिची भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. निरोगी फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब उरलेल्या शरीरातल्या दाबाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकाच असतो.

आता फुप्फुसाची एक खोड बघा. शरीरात इतरत्र प्राणवायू कमी पडला तर तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात नेमकं उलट होतं: ज्या भागात हवा पोहोचत नाही, तिथल्या वाहिन्या आवळल्या जातात. स्वीडनमधल्या फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड या शास्त्रज्ञांनी १९४६ साली मांजरांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. व्यवस्था शहाणपणाचीच आहे. रात्री दारं धरणारा शेतकरी बांध फुटलेल्या वाफ्याचं दार बंद करून पाणी चांगल्या वाफ्याकडे वळवतो, तसं फुप्फुस हवा नसलेल्या भागातलं रक्त हवा असलेल्या भागाकडे वळवतं. पण सगळ्याच वाफ्यांचे बांध फुटलेले असले तर? एकेक दार बंद होत जातं आणि मागे मोटर मात्र चालूच असते. जुनाट दम्यासारख्या आजारात, ज्याला सीओपीडी म्हणतात, दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे हवा अडलेली असते. त्यामुळे सगळीकडच्या वाहिन्या आवळतात, वर्षानुवर्षं आवळलेल्या राहिल्या की त्यांच्या भिंती जाड होतात, आणि फुप्फुसाचे फुगे फुटून एकमेकांत मिसळतात तेव्हा त्यांच्याभोवतीच्या केशवाहिन्यांचं जाळंही नष्ट होतं. उजव्या बाजूची ती पातळ भिंत एवढ्या दाबाविरुद्ध काम करून आधी जाड होते, मग ताणली जाते आणि शेवटी थकते. रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरा फुगतात, यकृत सुजतं, पायांत पाणी साचतं.

यकृत सुजलं की उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घासांत पोट भरतं, अन्नावरची वासना जाते. याला आपल्याकडे पित्त म्हणतात. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग येते. तिला म्हातारपण म्हणतात. ही डुलकी म्हातारपणाची नसून रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असू शकते.

हा आजार मुख्यतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा असं अजूनही बऱ्याच डॉक्टरांना वाटतं. खरं तर भारतातल्याच एका स्त्री डॉक्टरने त्याचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलं आहे. डॉ. एस. पद्मावती यांनी दिल्लीतल्या अशा १२७ रुग्णांचा अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यात बायका आणि पुरुष जवळपास सारख्या प्रमाणात होते, आणि बायकांमध्ये धूम्रपान तर फारच कमी. पद्मावतींनी बोट ठेवलं ते कोंदट स्वयंपाकघरातल्या धुरावर. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २००९ साली, पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलेलं नसतं. देशात सीओपीडीचे रुग्ण १९९० साली २ कोटी ८१ लाख होते, २०१६ साली ५ कोटी ५३ लाख झाले, असा अंदाज आहे. एवढं सगळं छापून आलेलं असताना चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला "बिडी ओढता का?" एवढाच प्रश्न विचारून छातीचा आजार नाही असं ठरवणं शोभत नाही. तिला विचारायला हवं: चुलीवर किती वर्षं रांधलं? सरपण काय वापरता? धुराडं आहे का?

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि घरोघर गॅस पोहोचला, हे खरंच मोठं काम झालं. पण सिलिंडर आला म्हणून चूल विझली असं समजू नका. अनेक घरांत चहा गॅसवर होतो, भाकरी चुलीवर, आणि आंघोळीचं पाणी बंबात. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट मिळतात, इतरत्र गोवऱ्या. भरलेला सिलिंडर मात्र विकत आणावा लागतो, म्हणून तो पाहुण्यांसाठी जपला जातो. फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईचं तोंड धुराच्या अगदी जवळ असतं, आणि कडेवरचं पोरही. जाता जाता एक सांगून टाकतो. हायवेवरच्या ढाब्यांवर 'चुलीवरचं मटण' अशा पाट्या वाचून शहरातली मंडळी गाड्या थांबवतात. चवीबद्दल माझं भांडण नाही. पण त्या चुलीपाशी दिवसाचे दहा-बारा तास कोण बसतं, आणि तिथे छप्पर उघडं आहे की पत्र्याने बंद, एवढं आत डोकावून बघायला हरकत नाही.

धुराखेरीजही वाटा आहेत. टीबी औषधांनी पूर्ण बरा झाला तरी फुप्फुसात राहिलेले व्रण आयुष्यभर दम देऊ शकतात, "टीबी बरा झाला, आता दम कसला?" असं त्या माणसाला हिणवू नका. दगडखाणी आणि खडी क्रशरवर काम केलेल्यांना सिलिकोसिस होतो. पाठीला मोठं कुबड असलेल्यांची छाती नीट फुलत नाही. रात्री जोरात घोरणाऱ्या, मध्येच श्वास थांबून दचकून उठणाऱ्या जाड माणसांनाही हाच धोका. वाट कोणतीही असो, शेवटी ताण त्याच पातळ भिंतीवर येतो.

आता घरी काय बघायचं ते सांगतो. माणसाला खुर्चीत बसवा. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडं वर, अंगठ्याने मोजून दहा आकडे दाबून धरा आणि सोडा. खळगा राहिला तर सूज आहे. दोन्ही पायांना बघा. एकच पाय अचानक सुजला असेल आणि पोटरी दुखत असेल, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर हृदयाची उजवी बाजू काही तासांत कोलमडते, म्हणून तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. निळेपणा बघायचा तर सावळ्या माणसाच्या नखांपेक्षा जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा. वजन दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलोने वाढलं असेल तर ते अंगी लागलेलं नसतं, ते पाणी असतं.

मग ऑक्सिमीटर. कोरोनात घेतलेला तो चिमटा कपाटात कुठेतरी असेलच, सेल बदला. नसेल तर आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारा. माणसाला पाच मिनिटं शांत बसवा, हात गार असतील तर चोळून गरम करा, नखावर नेलपॉलिश किंवा ताजी मेंदी असेल तर ते बोट सोडून दुसरं निवडा. आकडा स्थिर व्हायला मिनिटभर द्या. ९५ किंवा वर असेल तर चांगलं. ९२ किंवा खाली असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे. ८८ किंवा खाली असेल तर त्याच दिवशी. गडद वर्णाच्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी असतो त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे काठावरच्या आकड्यावर विसंबू नका. बसून आकडा बरा आला तर अंगणात सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा बघा. काहींचा प्राणवायू चालल्यावरच घसरतो. माणूस वाक्य पुरं करू शकत नसेल, गुंगीत असेल, असंबद्ध बोलत असेल, तर आकड्यांच्या नादी न लागता १०८ ला फोन करा.

डॉक्टरांकडे गेल्यावर आधी एवढंच सांगा: "खोकला-दम इतक्या वर्षांचा आहे, चूल किंवा बिडी इतकी वर्षं, आणि पाय अमुक दिवसांपासून सुजलेत." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. फुंकून करायची स्पायरोमेट्री, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि टू-डी इको या तपासण्यांबद्दल विचारा. इकोत डाव्या बाजूचं पंपिंग चांगलं आलं की "हृदय ठीक आहे" म्हणून कागद घडी घालून परत मिळतो. तेव्हा उजव्या बाजूचं काय आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीतला दाब किती, हे आवर्जून विचारा. सूज आणि धाप ही जोडी दर वेळी फुप्फुसातूनच आलेली असते असं नाही. हृदयाची डावी बाजू, मूत्रपिंड, यकृत यांच्या आजारांतही ती दिसते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात. म्हणून निदान घरी करू नका आणि चालू गोळ्या मनाने बंद करू नका. तुमचं काम शंका घेण्याचं आणि वेळेत पोहोचवण्याचं.

उपचारांत सगळ्यात जास्त अडतं ते पंपावर. "पंपाची सवय लागते," "पंप म्हणजे शेवटचा उपाय," हे ऐकून ऐकून कान किटले. इनहेलरमधून औषध थेट श्वासनलिकेत जातं, मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी लागते. चष्म्याची जेवढी सवय लागते तेवढीच पंपाची. उलट सवय लावून घेऊ नये अशा गोष्टी आपण बिनदिक्कत घेतो: रात्री झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, खोकल्यासाठी गुंगी आणणारं सिरप, थंडीत थोडी दारू. कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्या माणसाचा श्वास या तिन्हींमुळे आणखी मंदावतो, आणि एखादा सकाळी उठतच नाही. अंगदुखीच्या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात, सूज वाढवतात. लघवीची गोळी डॉक्टर देतील तेवढीच घ्यावी. मनाने वाढवली तर पोटॅशियम घटतं, रक्त आणखी घट्ट होतं. लोणचं, पापड, खारे दाणे, वरून घेतलेलं मीठ बंद. बिडी बंद, अर्धी सुद्धा नको. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल थंडीच्या आधीच विचारा, कारण अशा माणसांना एक साधा सर्दी-ताप सुद्धा थेट आयसीयूत नेऊ शकतो.

आणि प्राणवायू. या आजारात आयुष्य वाढवणारी ही सगळ्यात खात्रीची गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९८१ साली एक अभ्यास छापला. त्यात ८७ रुग्ण होते, सगळ्यांना जुनाट फुप्फुसविकार, रक्तात प्राणवायू कमी आणि हृदय थकून पाय सुजल्याचा इतिहास. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय तीच माणसं. ४२ जणांना घरी रोज किमान १५ तास प्राणवायू दिला, ४५ जणांना दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातले १९ गेले, दुसऱ्यातले ३०. फुप्फुसातल्या आवळलेल्या वाहिन्या प्राणवायूने थोड्या सैल होतात आणि उजव्या बाजूवरचा भार कमी होतो. इथे १५ तासांना महत्त्व आहे. दम लागला की अर्धा तास नळी लावायची आणि बरं वाटलं की काढायची, याने हा फायदा मिळत नाही. झोपेतली रात्र धरली की १५ तास तितके अवघडही नाहीत.

पण तो कोणाला द्यायचा हे डॉक्टरांनी रक्तातला प्राणवायू मोजूनच ठरवायचं असतं. ज्यांचा प्राणवायू थोडासाच कमी आहे त्यांना त्याचा असा फायदा होत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनाही मोजूनमापून, आकडा साधारण ८८ ते ९२ च्या दरम्यान राहील इतकाच. जास्त सोडला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगीत जातो. आणि प्राणवायू चालू असलेल्या खोलीत चूल, दिवा, उदबत्ती, बिडी काहीही पेटवायचं नाही. नाकात नळी आणि हातात बिडी, असे चेहरे भाजलेले रुग्ण येतात.

आता शेवटची विनंती सरपंचांना, गणेश मंडळांना, पतसंस्थांना, आणि कोरोनाच्या २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेत गावाकडे प्राणवायूची मशिनं पाठवणाऱ्या मुंबई-पुण्याच्या, परदेशातल्या मराठी मंडळींना. तेव्हा वर्गणीतून घेतलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कुठे आहेत? बरेचसे खोक्यात, कुलपात, प्रत्येकावर देणगीदाराचं नाव लावलेलं. बंद राहिलेल्या मशिनमधला, हवेतून प्राणवायू वेगळा करणारा झिओलाइट ओल धरतो आणि मग ते यंत्र प्राणवायूच्या नावाखाली साधी हवा फुंकतं. म्हणून आधी जाणत्या तंत्रज्ञाकडून शुद्धता मोजून घ्या. चांगल्या मशिनमधून ९० टक्क्यांच्या वर प्राणवायू यायला हवा. फिल्टर धुवा, नळी नवी घ्या. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना यादी द्या आणि ज्यांना त्यांनी घरी प्राणवायू लिहून दिला आहे त्यांनाच ते वापरायला द्या, गरज संपली की परत घ्यायच्या बोलीवर. साधारण ३५० वॉटचं मशिन १५ तास चाललं तर दिवसाला पाचेक युनिट वीज जाते, महिन्याला दीडशे. ज्या घरात गॅस सिलिंडर भरायला पैसे नाहीत तिथे हे बिल कोण भरणार, हेही त्याच बैठकीत ठरवा, आणि वीज जाते त्या गावात इन्व्हर्टरचं बघा. गरजू घरं शोधायला सर्व्हे नको, आशाताईंना ती तोंडपाठ असतात. ज्या खोलीत मशिनं ठेवली आहेत तिची किल्ली कोणाकडे आहे, तेवढं आजच विचारा.